खटका एकशेदहावर होता

५ जून, बुधवार

कार्ड येणार! अखेर मालकिणीने, दोना मार्लूसीने होकार दिला. दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी — बाई, या कॉम्प्युटरवर एका स्वयंपाकघराचं चित्र तयार व्हायला चाळीस मिनिटं लागतात. गिऱ्हाईक बसतं, कॉफी पितं, दुसरी कॉफी पितं, मग म्हणतं, "आम्ही येतो परत." येतात कशाला! पुढच्या गल्लीतल्या फर्निचरवाल्याकडे जातात. तिथे पडद्यावर स्वतःच्याच ओट्याभोवती फिरतात, कपाटं उघडून बघतात, ग्रॅनाइटवर दिवा कसा चमकतो ते बघतात. आणि ऑर्डर तिथेच देऊन मोकळे.

"ग्राफिक्स कार्ड देते," म्हणाली, "पण मग कारणं सांगायची नाहीत. बोआ व्हियाजें भागातल्या वकीलबाईंचं स्वयंपाकघर मला तेरा तारखेला दुपारी दोनला पडद्यावर हवं. नाही जमलं तर तसं सांग, दुसरी माणसं आहेत माझ्याकडे."

माझ्या आधीच्या मुलीला तिने एका वाक्यात घरी पाठवलं होतं म्हणे. सुतारांनी सांगितलंय मला. मी "जमेल" म्हटलं. काय करणार?

६ जून, गुरुवार

सेऊ अमारो येऊन बघून गेले. बाजारातल्या गॅलरीत, म्हणजे त्या दुकानांच्या बोळात, जिन्याखाली त्यांचा गाळा आहे. चाळीस वर्षं दुरुस्तीच करतायत — आधी रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. अख्खी गॅलरी त्यांना मानते. बायको गेली, एक मुलगी आहे — जुसेलिया, ती केस कापायचं दुकान चालवते.

कॅबिनेट उघडलं आणि हसायलाच लागले. "पोरी, हा कंपनीचा तयार डबा. खानावळीच्या डब्यासारखा — त्यांनी जे घातलं ते गुपचूप खायचं! तुला वर तूप हवंय, पण डब्यात जागाच नाही."

म्हणजे झालंय असं. आतला एसएमपीएस — वीज पुरवतो तो डबा — अगदीच लेचापेचा. नव्या कार्डाला जोडायची वायरच त्यात नाही. वर कार्ड लांब. मधला डिस्कचा पिंजरा काढून दुसरीकडे बसवावा लागणार. त्यांनी टेपने मोजलं, पुठ्ठ्यावर लिहिलं, पुन्हा मोजलं. मला आवडलं ते. काम असं करावं माणसाने.

कार्ड आणि एसएमपीएस दोन्ही साओ पाउलोहून मागवलं.

"तुझ्या गावाहून येतंय," म्हणाले.

"माझं गाव रेसीफेच आहे, सेऊ अमारो!"

"बारा वर्षं तिकडे राहिलीस. कुसकुस शिजलं की नाही हे अजून तुला वासावरून कळत नाही, 'वाफ आली का' असं विचारतेस. पाउलिस्ताच तू, साओ पाउलोवाली!"

१२ जून, बुधवार

पार्सल आलं. एकदम शेवटच्या दिवशी! कार्ड केवढं जड आहे! दोना मार्लूसीने हातात घेऊन वजन केलं. "एवढ्यात तर अर्धा ओटा झाला असता," म्हणाली. पण डोळे चमकले तिचे. सेऊ अमारो उद्या नऊला येतायत.

१३ जून, गुरुवार. सांतो आंतोनियो

हे कुठेतरी लिहायलाच हवं. कोणाला सांगू शकत नाही. इथे तरी.

सकाळी सगळं छान होतं. सांतो आंतोनियोचा, लग्न जुळवणाऱ्या संताचा दिवस, म्हणून दोना मार्लूसी मला चिडवत होती — "नवस बोल, नवस! पहिला नवरा साओ पाउलोत टाकून आलीस, हा तरी इथला मिळू दे." सेऊ अमारो गालात हसत पिंजरा सोडवत होते. साडेअकराला कार्ड बसलं, नवा एसएमपीएस बसला, वायरी बांधून झाल्या. पिंजऱ्याला एक लांब स्क्रू हवा होता, तो गाळ्यात होता. "आणतो आणि तिकडेच दोन घास खाऊन येतो," म्हणाले. आणि दारातून वळून — हे मला अगदी स्पष्ट आठवतंय — "पोरी, हात लावू नकोस हं. मागचं अजून बघायचंय."

दोना मार्लूसी वकीलबाईंना आणायला गेली. खाली सुतारांची करवत चालू. मी एकटी. पावणेएक. एक वाजला. दोनला बाई येणार, आणि माझी फाइल नव्या कार्डावर एकदाही उघडून बघितलेली नाही! मला वाटलं, नुसतं चालू करून बघू. स्क्रूने काय होतंय?

पिन खुपसली.

फाट्! बंदुकीसारखा आवाज. मागच्या जाळीतून निळा उजेड, मग धूर. सडक्या माशासारखा आणि जळक्या रबराचा मिळून वास. पिन ओढून काढली.

मग मागे बघितलं. तो लाल खटका, किती व्होल्टची वीज घ्यायची ते ठरवणारा. एकशेदहावर! साओ पाउलोत एकशेदहाची वीज, तिकडच्या विकणाऱ्याने तसाच पाठवलेला. आपल्याकडे दोनशेवीस. इथलं शेंबडं पोरसुद्धा पिन लावायच्या आधी मागे बघतं. मी बारा वर्षं तिकडे डोळे झाकून पिना खुपसल्या — सवय! गाढव सवय! सेऊ अमारो हेच तर बघायचे राहिले होते.

मी काय केलं? खिडकी उघडली. पंखा मोठा केला. कॉफी उकळत ठेवली, वास दबावा म्हणून. पिन होती तशी टेबलावर ठेवली. आणि जागेवर जाऊन बसले!

सव्वा वाजता सेऊ अमारो आले. स्क्रू लावला, मागे वाकले, खटका बघितला, आणि तसेच वाकलेले राहिले. हुंगलं. एसएमपीएसच्या जाळीवर बोट फिरवलं, काजळी आली. किती वेळ बोटाकडे बघत होते. मग मला विचारलं, अगदी हळू —

"पोरी… मी जायच्या आधी चालू करून बघितलं होतं का?"

मी म्हटलं, "हो."

का? का म्हटलं मी हो? "माहीत नाही" म्हणता आलं असतं. तोंडातून निघून गेलं. त्यांनी मान हलवली. "बघ, मला आठवतच नाहीये," म्हणाले.

दोना मार्लूसी वकीलबाईंना घेऊन आली तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं. "चूक माझी, बाई. खटका न बघता चालू केलं. आणि केलेलं आठवत नाही." वकीलबाई पाच मिनिटांत गेल्या. दोना मार्लूसी ओरडली नाही, त्याहून वाईट केलं. शांतपणे म्हणाली, "सेऊ अमारो, आता घरी बसायचं वय झालं तुमचं."

त्यांनी पिशवी भरली. दारात मला म्हणाले, "तुला त्रास झाला, पोरी. माफ कर."

मला! माफ कर!

१४ जून, शुक्रवार

कार्ड गेलं, मदरबोर्ड गेला. डिस्क वाचली. मी जुन्या लॅपटॉपवर रखडतेय. कोणी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१७ जून, सोमवार

दोना मार्लूसीने गॅलरीत सगळ्यांना सांगितलंय. "चांगला माणूस, पण डोकं गेलं." मोबाइलवाला, झेरॉक्सवाली, सगळे हळहळतायत, आणि कामं दुसरीकडे देतायत. झेरॉक्सवाली मला म्हणाली, "तू होतीस ना तिथे? आपणच चालू केलं आणि आपल्यालाच आठवेना? देवा रे!" मी "हं" केलं. नुसतं हं! माझ्या तोंडाला काय झालंय?

१९ जून, बुधवार

आज दोना मार्लूसीला सांगायचंच असं ठरवून गेले होते. दार उघडलं तर ती फोनवर कोणालातरी सांगत होती — चुका चालतात मला, पण खोटं बोलणारं माणूस दुकानात एक दिवस ठेवणार नाही. माझ्याबद्दल नव्हतं ते, लॅमिनेटवाल्याबद्दल होतं. तरी दार लोटून जागेवर येऊन बसले. खोटंच तर बोललेय मी.

ही नोकरी गेली तर पुढे काय? आईच्या घरात दोन वर्षं रिकामी बसले होते, त्या घरात परत?

भित्री आहे मी. लिहून ठेवते, निदान इथे तरी खरं असू दे.

२४ जून, सोमवार. सां जुआंव

सगळीकडे सणाच्या शेकोट्या पेटल्यात, फटाके चाललेत, घरोघरी मक्याचा वास. मी पामोन्या, मक्याच्या पानात उकडलेल्या गोड वड्या, बांधून घेतल्या आणि सेऊ अमारोंकडे गेले. का गेले? सांगायला, असं स्वतःला सांगितलं होतं.

जुसेलियाने दार उघडलं. स्वयंपाकघरात बसलेले होते, दाढी वाढलेली. गाळ्यात जातच नाहीत म्हणे. टेबलावर शाळेची वही. तिने मला दाखवली. पानंच्या पानं त्यांच्या बारीक अक्षरात — ७:१० गॅस बंद केला. ७:१२ गॅस बंद आहे का बघितलं, आहे. ७:४० दाराला कडी. ९:०५ इस्त्रीची पिन काढली, जुसेलियाने बघितलं.

"त्या दिवसापासून," ती म्हणाली. "स्वतःवर विश्वासच उरला नाही त्यांचा. मी आरोग्य केंद्रात नेलं. मेंदूच्या डॉक्टरचा नंबर लागायला आठ महिने लागतात, पण कोणीतरी रद्द केला म्हणून नऊ जुलैचा मिळाला. नशीबच."

मी पामोन्या खाली ठेवल्या. बोलणार होते. खरंच बोलणार होते. तेवढ्यात सेऊ अमारोंनी माझा हात धरला.

"तू होतीस म्हणून बरं झालं, पोरी. तू सांगितलं नसतंस तर मला कळलंच नसतं."

आम्ही खायला बसलो. "छान झाल्यात," असं ते पामोन्यांबद्दल म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. जुसेलियाला वाटलं शेकोटीचा धूर.

न सांगता परत आले. थू माझ्यावर.

२८ जून, शुक्रवार

सेऊ अमारोंच्या गाळ्याची पाटी काढलेली. आत आता कोणीतरी मोबाइलची कव्हरं लावतंय.

२ जुलै, मंगळवार

सांगितलं.

दुपारी दुकानातून डोकं दुखतंय म्हणून निघाले आणि सरळ त्यांच्याकडे गेले. वाटेत थांबले असते तर परत फिरले असते. जुसेलियाही घरी होती. बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या — "सेऊ अमारो, तुम्ही चालू केलं नव्हतं. मी केलं. तुम्ही नको म्हणाला होतात. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "परत सांग."

परत सांगितलं. सगळं. धूर, खिडकी, कॉफी, सगळं.

"मी नाही केलं?"

"नाही."

"म्हणजे मला आठवत नव्हतं कारण… आठवायला काही नव्हतंच?"

"नव्हतंच, सेऊ अमारो."

एकदम मांडीवर थाप मारली त्यांनी! "जुसेलिया! ऐकलंस? ऐकलंस का गं! ठीक आहे मी! डोकं शाबूत आहे माझं!" उठले, हसतायत, रडतायत, मुलीला धरून गोल फिरवतायत, ती नको नको म्हणतेय. मग मला जवळ घेतलं. मला! मी रडत होते, ते माझी पाठ थोपटत होते. "जाऊ दे गं. घाबरलीस. घाबरलं की माणूस काहीही बोलतं."

जुसेलियाने मात्र नाही माफ केलं. करू पण नये. दारापर्यंत आली आणि दात आवळून म्हणाली, "तीन आठवडे, एडजानी! माझा बाप वहीत लिहीत होता, कडी लावली की नाही ते. तू आमच्या टेबलावर बसून पामोन्या खाल्ल्यास!"

मी ऐकून घेतलं. दोन थपडा दिल्या असत्या तरी चाललं असतं.

३ जुलै, बुधवार

दोना मार्लूसीलाही सांगितलं. हातातली मोजपट्टी तिने टेबलावर आपटली, तिचे दोन तुकडे झाले. "त्या म्हाताऱ्याला मी गॅलरीभर नागवं केलं! तुझ्यामुळे!" दहा मिनिटं बोलली, एकही शब्द खोटा नव्हता. काढून टाकशील ना, म्हटलं. "काढलं असतं! पण सगळी अर्धवट स्वयंपाकघरं तुझ्या डोक्यात आहेत. हे माफ करणं नव्हे, कळलं?"

कळलं.

पण संध्याकाळी ती स्वतः गेली त्यांच्याकडे, केक घेऊन. सुतारांनी सांगितलं. नवं कार्ड मागवणार आणि तेच बसवणार, दुसरं कोणी नाही, असं सांगून आली. गॅलरीतही सगळ्यांना सांगतेय, मोठ्याने, माझं नाव घेऊन. घेऊ दे.

५ जुलै, शुक्रवार

सेऊ अमारोंचा फोन. आवाज दहा वर्षांनी तरुण! डॉक्टरचा नंबर नको म्हणतायत. "आठ महिने थांबून कोणी बिचारं बसलं असेल, ज्याला खरंच गरज आहे. मी कशाला अडवू? पण ही ऐकत नाही. तू सांग तिला."

जुसेलिया फोनवर आली. "मिळालाय नंबर तर जाऊन येऊ दे की त्यांना. नुसतं तपासलं तर काय बिघडतं?"

मला वाईट वाटलं त्यांच्यासाठी. माझ्या एका खोट्यापायी चांगल्या माणसाने डॉक्टरसमोर बसून "आज वार कोणता" याची उत्तरं द्यायची? मी म्हटलं, "जुसेलिया, त्यांना काही झालेलं नाही. झालं ते माझ्यामुळे झालं. आपल्या दोघींपेक्षा चांगलं चालतं त्यांचं डोकं. सोडून दे तो नंबर. आता तरी त्यांच्यावर विश्वास ठेव."

मग म्हणाली, "तुला माहीत. तूच होतीस तिथे."

संध्याकाळी नंबर रद्द केल्याचा निरोप आला. किती हलकं वाटतंय! एक तरी गोष्ट नीट केली.

९ जुलै, मंगळवार

पार्सल आलं. कार्ड, एसएमपीएस, मदरबोर्ड. उघडल्या उघडल्या मी मागचा खटका बघितला — एकशेदहावर! हात लावला नाही. उद्या त्यांचा मान.

१० जुलै, बुधवार

चाललं!!

सेऊ अमारो नऊला आले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. गॅलरीतून येताना मोबाइलवाला, झेरॉक्सवाली, सगळ्यांशी हात मिळवून आले. खटका स्वतः दोनशेवीसवर केला. मग पुन्हा बघितला. वायरी लावल्यावर पुन्हा बघितला. "पक्कं," म्हणाले, आणि दोन मिनिटांनी पुन्हा वाकले. त्या दिवसाची धास्ती आहे अजून. मीच दिलेली.

पिन त्यांनी लावली. बटण दाबायला मला पुढे केलं. मी डोळेच मिटले. पंखे फिरले! पडदा लागला! फाइल उघडली आणि अख्खं स्वयंपाकघर झरकन समोर — आम्ही ओट्याभोवती फिरलो, खिडकीतून ऊन आलं, फ्रीजचं दार उघडलं. दोना मार्लूसीने टाळ्या वाजवल्या. सुतार वर आले. सेऊ अमारो कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "डब्यात जागा झाली बघ," म्हणाले.

वकीलबाई काही परत येणार नाहीत, पण दोन नवी गिऱ्हाइकं शुक्रवारी येतायत.

१२ जुलै, शुक्रवार

दोन्ही ऑर्डरी मिळाल्या. दोना मार्लूसी महिनाभराने पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. काल गाढ झोप लागली होती. खरं बोलायला एवढं काय अवघड होतं, असं आता वाटतंय. सुटले मी.

१३ जुलै, शनिवार

सकाळी आठला कुलूप काढत होते तर सेऊ अमारो पायरीवर. पिशवी घेऊन, इस्त्रीच्या शर्टात. मला वाटलं सहज आलेत. आत आले, बाह्या सारल्या, टेप काढली आणि कॅबिनेट मोजायला लागले. मोजलं, पुठ्ठ्यावर लिहिलं, पुन्हा मोजलं.

"काय गं पोरी, आलं का कार्ड साओ पाउलोहून? आज बसवून टाकू."

मी म्हटलं, बसवलंय ना तुम्ही, बुधवारी. हसले. "पाउलिस्ता, सकाळी सकाळी चेष्टा करतेस होय म्हाताऱ्याची!"

त्यांना कॉफी दिलीय. पितायत. जुसेलियाला फोन लावायचाय. अर्धा तास झाला, लावलेला नाही. डॉक्टरचा नंबर सोडून दे असं तिला मी सांगितलं होतं.